न केलेला ताळा

यंत्र बंद पडलं तेव्हा दादाचं वाक्य अर्धवट होतं. "आई, तो पडदा जरा" इतकं स्पीकरमधून आलं आणि स्क्रीन काळा पडला. आईने उठून पडदा धरला. लावायचा होता की उघडायचा होता हे तिला कळलं नव्हतं, म्हणून तिने तो अर्ध्यावर आणून सोडला आणि दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही कळावं असे दिवस आता राहिले नव्हते.

"अगं, बघ गं काय झालं," तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "दादा बोलता बोलता थांबला."

दादाची धाकटी बहीण चिमटी एका पायात बूट घालून तशीच आली. लहानपणी घरातलं प्रत्येक घड्याळ नि रेडिओ ती आईच्या चिमट्याने उघडून बसायची, म्हणून दादानेच तिचं हे नाव पाडलं होतं. पुढे ती त्याच्याच हाताखाली कॉम्प्युटर दुरुस्ती शिकली, आणि त्याचे हात गेले तेव्हा दुकानातली त्याची खुर्ची तिच्याकडे आली. नाव मात्र सुटलं नाही.

तिने यंत्र बंद करून चालू केलं. कान लावून ऐकलं. स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटली: डिस्क सापडत नाही.

"डिस्क गेली," ती म्हणाली.

"म्हणजे गं?"

"म्हणजे नवी बसवायची. घाबरू नकोस, माझ्याकडे सगळं आहे."

दादाची बुबुळं तिच्याकडे वळली आणि तिथेच थांबली. बुबुळांखेरीज त्याच्या शरीरात आता काही हलत नव्हतं. आजाराने आधी बोटं नेली, मग पाय, मग जीभ, आणि आता तो छातीपर्यंत पोहोचला होता. पलंगासमोरच्या स्क्रीनखाली एक लांबट कॅमेरा होता. नजर कुठे रोखली आहे हे तो ओळखायचा. दादा डोळ्यांनी एकेक अक्षर उचलायचा आणि यंत्र ते वाक्य मोठ्याने म्हणायचं. कॅमेरा बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती. तो एका जुन्या सिस्टिमवरच चालायचा. त्याचं सॉफ्टवेअर नव्याने चालू करायला गेलं तर ज्या सर्व्हरची परवानगी लागायची, तो सर्व्हरच राहिला नव्हता.

आणि दुपारी चारला डॉक्टर येणार होते.

तोंडावरचा श्वासाचा मास्क आता फार काळ पुरणार नव्हता. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि श्वासाचं मशीन कायमचं लावायचं, की नाही लावायचं, हे आज ठरायचं होतं. पुढच्या खेपेपर्यंत तो सांगण्याच्या स्थितीत असेलच याची डॉक्टरांना खात्री नव्हती. काल रात्री जेवणं झाल्यावर दादाने दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "डॉक्टरांशी मी बोलेन. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"पण काय बोलणार आहेस?" आईने विचारलं होतं.

"पेपर फोडणार नाही," यंत्र म्हणालं होतं.

पापण्यांच्या उघडझापीवर भागलं असतं तर प्रश्न नव्हता. पण पापण्याही त्याच्या ताब्यात उरल्या नव्हत्या. कधी त्या आपोआप पडायच्या, कधी डोळा कोरडा पडला तरी मिटायच्या नाहीत. मागच्या भेटीत यंत्र बाजूला होतं तेव्हा आईने डॉक्टरांसमोर विचारलं होतं, "जगायचंय ना रे राजा?" पापणी मिटली. "बघा, हो म्हणाला," आई म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "याच्यावर मी इतका मोठा निर्णय घेऊ शकत नाही. मात्र दुसरं काहीच नसेल, तर मला तुमचंच म्हणणं धरावं लागेल."

चिमटीने बूट काढला. डिस्क आणायला दुकानात फोन करण्याआधी तिने कागदावर मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहून दादासमोर धरली. नजर कागदावर फिरली. "न," चिमटी म्हणाली. "न कुठला, ह आहे तो," आई म्हणाली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दादाच्या पापण्या पडल्या. चिमटीने कागद खाली ठेवला.

तो काय सांगणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असं चिमटीला वाटत होतं. दुकानात दादाचं एक वाक्य ठरलेलं असायचं. गिऱ्हाईक एखादं जुनंपानं मशीन घेऊन यायचं, दादा ते उघडायचा, आत बघायचा, झाकण लावायचा आणि म्हणायचा, "होईल दुरुस्त. पण करू नका." ते वाक्य आज चार वाजता त्या स्पीकरमधून येणार, या विचाराने गेला आठवडाभर तिला घास गिळवत नव्हता.

* * *

दुकानातला तिचा सोबती नवी डिस्क घेऊन तासाभरात आला. इतरांच्या डब्यातलं चोरून खायची खोड असल्यामुळे सगळं मार्केट त्याला बोका म्हणायचं, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

"काय साहेब," तो दादाला म्हणाला, "सुट्टी घेतलीत वाटतं बोलायला?" मग चिमटीच्या तोंडाकडे पाहून त्याने पुढचा विनोद गिळला.

चिमटीने डिस्क बसवली आणि किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवला. अंगठ्याएवढी वस्तू, पण तिची भाकरी त्यावर चालायची. बंद पडलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरला तो लावला की एक मेनू उघडायचा: नव्या सिस्टिम, जुन्या सिस्टिम, व्हायरस काढायची साधनं, डिस्क तपासायची साधनं. हवी ती ओळ निवडायची आणि मशीन त्यावरून सुरू व्हायचं. दर शनिवारी ती तो ड्राइव्ह साफ करायची. नवी आवृत्ती आली की जुनी काढायची, जागा पुरेनाशी झाली की सगळं मोठ्या ड्राइव्हवर हलवायची, आणि एक प्रत दुकानातल्या साठ्याच्या डिस्कवर ठेवायची. मेनूच्या तळाला एक ओळ होती तिला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. त्या ओळीवर लिहिलं होतं: दादा.

ती त्या यंत्राची इमेज होती. कॅमेरा पहिल्यांदा चालला, परवानगी मिळाली, सगळं जागच्या जागी बसलं, त्या दिवशी दोघांनी मिळून अख्ख्या डिस्कचा जसाच्या तसा ठसा एका फाइलमध्ये घेऊन ठेवला होता. दादाचं एक बोट तेव्हा चालत होतं. आज तो ठसा नव्या डिस्कवर उतरवायचा, की यंत्र होतं तसं उभं राहणार होतं.

तिने मेनूतली ती ओळ निवडली. कुठल्या डिस्कवर लिहायचं, असा प्रश्न आला. इथे चुकीची डिस्क निवडली तर ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून तिने दोन्ही नावं बोट ठेवून वाचली आणि मगच होकार दिला. निळी पट्टी सरकायला लागली.

"झालं म्हणायचं," बोका म्हणाला. "काकू, चहा?"

"टाकते," आई म्हणाली, पण जागची हलली नाही.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, शेवटाजवळ आली आणि थांबली. एक खिडकी उघडली: फाइल वाचता येत नाही.

चिमटीने पुन्हा लावून पाहिलं. पट्टी त्याच जागी थांबली. तिने ड्राइव्ह दुसऱ्या खोबणीत लावला, मग आपल्या लॅपटॉपला लावला, तिथून लिहून पाहिलं. पट्टी तिथेच अडली.

"साठ्याच्या डिस्कवर आहे ना दुसरी?" बोक्याने विचारलं.

"घेऊन ये."

तो धावत गेला आणि धावत आला. साठ्याच्या डिस्कवरची प्रतही तिथेच अडली. त्याच जागी, अगदी केसभराच्याही फरकाशिवाय. दोन वेगळ्या डिस्क एकाच जागी आजारी पडत नाहीत. आजारी होती ती फाइल.

तेव्हा तिचं लक्ष फाइलच्या शेजारी गेलं. तिथे एक छोटी मजकुराची फाइल होती, इतकी छोटी की वर्षानुवर्षं ती नजरेआड व्हायची. तिच्यात आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ होती. दादाने त्याच्या त्या एका बोटाने बनवून ठेवलेला ताळा. फाइल सगळीच्या सगळी मोजून काढली तर हीच ओळ निघायला हवी. मधलं एक अक्षर जरी बिघडलं, तर वेगळीच निघते. "प्रत केली की ताळा करायचा," दादा तिला रोज सांगायचा. "डोळ्यांना फाइल दिसते. फाइल आहे की नाही हे ताळा सांगतो." ती नव्या सिस्टिमचा ताळा नेमाने करायची. दादाच्या इमेजचा कधी केला नव्हता. जी फाइल आपण स्वतः बनवली, जिला कुणी हात लावत नाही, तिचा कसला ताळा?

तिने आता केला. ओळ जुळली नाही.

मग तिला आठवलं. पहिला छोटा ड्राइव्ह भरला होता, सगळं मोठ्यावर हलवायचं होतं, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पट्टी पूर्ण भरली आणि तिने ड्राइव्ह उपटला. त्याचा बारका दिवा अजून लुकलुकत होता, म्हणजे लिहिणं संपलेलं नव्हतं. छोटा ड्राइव्ह तिने त्याच दिवशी पुसून टाकला होता. नाव बरोबर, आकार बरोबर, शेपटी रिकामी. त्यानंतर दर शनिवारी तिने ती फाइल नव्या ड्राइव्हवर नेली, साठ्याच्या डिस्कवर नेली, आणि तिथे जी चांगली प्रत होती तिच्यावरच नेऊन ठेवली. एक मेलेली फाइल ती डोळ्यांत तेल घालून जपत आली होती.

"मीच मारलीय," ती म्हणाली.

"हळू," बोका म्हणाला. "तो ऐकतोय."

दादा ऐकत होता. त्याचे कान चांगले होते.

* * *

आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"नाही होत ना? नको होऊ दे."

"आई."

"अगं, माझं ऐक. तू एवढी खटपट केलीस, नाही जमलं. यात कुणाचा दोष? डॉक्टर येतील, मी सांगेन. नळी बसेल. मग आरामात कर तुझं ते यंत्र, महिनाभर कर."

"आणि त्याला नळी नको असेल तर?"

आईने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा घडी घातली. "त्याला काय हवंय ते मला कळत नाही होय? नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला."

आई जे बोलत होती त्याची चिमटीला लाज वाटली नाही, भीती वाटली. कारण तेच तिच्याही मनात आलं होतं. यंत्र चालू झालं नाही तर दादा जगेल. काही करायचं नव्हतं, नुसतं हातावर हात ठेवून बसायचं होतं. कुणी तिला नावं ठेवली नसती.

ती परत खोलीत आली. दादाची नजर दाराशीच होती. ती नजर तिच्यावर आली, मग काळ्या स्क्रीनवर गेली, मग तिच्यावर, मग स्क्रीनवर. हे वाचायला यंत्र लागत नव्हतं.

"बोक्या," ती म्हणाली, "तुझा ड्राइव्ह कुठाय?"

"माझा? कुठला?"

"पहिला. माझ्या छोट्यावरून तुला उतरवून दिला होता तो. मोठ्यावर जायच्या आधी."

बोक्याने मान खाजवली. त्या ड्राइव्हवरून तो एकेकाळी रोज शिव्या खायचा. त्याने तो कधी अद्ययावत केला नाही, काही काढलं नाही, काही भरलं नाही. "तुझा ड्राइव्ह म्हणजे नुसतं भंगाराचं दुकान," असं ती त्याला चारचौघांत म्हणायची.

"तो ना," बोका म्हणाला, "तो लाँड्रीत आहे."

"धुवायला टाकलास?"

"नाही गं. कोपऱ्यावरची मोठी लाँड्री आहे ना, तिथल्या कॉम्प्युटरची डिस्क गेली होती. मी तात्पुरता ड्राइव्ह लावून चालू करून दिला. त्यावरूनच चालतंय अजून. मागच्या बाजूला आहे, टेप लावलीय."

"तात्पुरता म्हणजे कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात."

एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. आता तिने लॅपटॉप काखेत मारला आणि बूट शोधायला लागली.

* * *

लाँड्रीत वाफ दाटली होती. काउंटरपुढे गाठोडी घेऊन माणसं उभी होती आणि पलीकडे मालकीणबाई एका हाताने पावत्या छापत होत्या, दुसऱ्या हाताने फोनवर कुणाला तरी दटावत होत्या. बोका दिसताच त्यांनी फोन ठेवला.

"आलास का मेल्या! डिस्क आणणार होतास ना?"

"आणतो मावशी. आज फक्त तो मागचा पेनड्राइव्ह हवाय, थोडा वेळ."

"आणि हे काय मी डोक्यावर चालवू?" त्यांनी कॉम्प्युटरवर थाप मारली. "बघ किती माणसं आहेत. संध्याकाळी ये."

"संध्याकाळी उपयोग नाही," चिमटी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला आणि रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. "माझा भाऊ आजारी आहे. तो बोलतो त्या यंत्राची एकच चांगली प्रत तुमच्या या ड्राइव्हवर असेल. असेल असं वाटतंय. चारला डॉक्टर येणार आहेत, आणि त्याला त्यांच्याशी बोलायचंय."

मालकीणबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "मग दुसऱ्या कुणी बोलावं त्याच्याऐवजी."

"तेच तर नकोय त्याला."

"माझे सासरे असेच गेले," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी सगळे त्यांच्या वतीने बोलायचे. ते नुसते बघायचे." मग त्यांनी रांगेकडे तोंड केलं. "पावत्या हाताने मिळतील. ज्यांना घाई आहे त्यांनी उद्या या. मेल्या, बंद कर ते, आणि नीट बंद कर."

बोक्याने कॉम्प्युटर नीट बंद केला. टेप सोलून निघाली तेव्हा ड्राइव्हवर धाग्यांचा आणि धुळीचा थर होता. चिमटीने तो ओढणीच्या टोकाने पुसला आणि इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. मेनू जुना होता, अर्ध्या सिस्टिम आता कुणी वापरत नव्हतं. तळाला ओळ होती: दादा. शेजारी छोटी फाइलही होती.

तिने आधी ताळा लावला, प्रत नंतर. मोजणी चालू असताना फोन वाजला.

"डॉक्टर लवकर येतायत," आई म्हणाली. "निघालेत. मी काय सांगू त्यांना?"

"मी येतेय म्हणून सांग."

"आणि यंत्र?"

"आई, मी येतेय."

पलीकडून फोन बंद झाला.

मोजणी संपली. दोन लांबलचक ओळी एकाखाली एक उभ्या राहिल्या. चिमटीला अक्षरं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसायला लागली. "तू वाच," ती बोक्याला म्हणाली. त्याने बोट ठेवून वाचलं, वरचं एक अक्षर, खालचं एक अक्षर, वरचं, खालचं. वाफेत उभी राहिलेली माणसं काही न कळता ऐकत होती. शेवटच्या अक्षरावर तो थांबला.

"जुळलं," तो म्हणाला. "चिमटे, जुळलं गं."

तिला आनंद झाला नाही. झाला असता तर बरं, असं तिला वाटलं. तिने आपल्या ड्राइव्हवर प्रत करून घेतली, पट्टी भरल्यावरही ड्राइव्हचा दिवा पूर्ण विझेपर्यंत वाट पाहिली, प्रतीचाही ताळा केला आणि मगच जुना ड्राइव्ह बोक्याच्या हातात दिला. तो टेप शोधायला लागला.

* * *

डॉक्टर आले होते. ते पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून दादाची नाडी पाहत होते. चिमटीने त्यांना नमस्कार केला, ड्राइव्ह लावला, पुन्हा दोन्ही डिस्कची नावं बोट ठेवून वाचली आणि होकार दिला. निळी पट्टी सरकायला लागली.

"किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडाच. थांबाल ना?"

"थांबतो."

आई भिंतीशी स्टुलावर बसली होती. यंत्राची वायर तिच्या शेजारच्या बोर्डात गेली होती, आणि तिचा हात त्या बोर्डावर होता. बटणाच्या अगदी लगत. डॉक्टरांना तो दिसत नव्हता. चिमटीला दिसत होता. दादालाही दिसत असावा, कारण त्याची बुबुळं तिकडेच होती.

"आई," चिमटी हळूच म्हणाली, "हात काढ."

आईने काढला नाही. "तू त्याला विचारायला यंत्र आणलंस," ती तितक्याच हळू म्हणाली. "उत्तर आलं तर ते परत घेता येईल का?"

पट्टी मघा अडली होती त्या जागी पोहोचली. चिमटी उठून आईपाशी गेली नाही. तिने तिचा हात धरला नाही. खरं सांगायचं तर त्या घडीला तिला कुणाच्या बाजूने उभं राहायचं हेच कळत नव्हतं. आईने बटण दाबलं असतं तर ती रडली असती, आणि त्या रडण्यात थोडं सुटल्यासारखंही वाटलं असतं. ती नुसती पट्टीकडे बघत राहिली. पट्टी ती जागा ओलांडून पुढे गेली.

आईने हात उचलला आणि मांडीवर घेतला. दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला.

यंत्र आपोआप बंद होऊन सुरू झालं. जुन्या सिस्टिमचं चिन्ह आलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. दादाची नजर स्क्रीनवर गेली आणि अक्षरं एकामागून एक उजळायला लागली.

"आई, तो पडदा उघड," यंत्र म्हणालं. "सकाळपासून अर्धाच आहे. डोळ्यांवर येतंय."

आई धडपडत उठली आणि तिने पडदा पूर्ण उघडला. डॉक्टर हसले. बोका धापा टाकत दारात येऊन उभा होता. तोही हसला आणि मग त्याने बाहीने नाक पुसलं.

"बोला," डॉक्टर खुर्ची जवळ घेत म्हणाले. "तुम्ही बोलणार होतात. मी ऐकतोय. नळी बसवायची की नाही?"

नजर फिरत राहिली. दादाला वेळ लागायचा, सगळ्यांना सवय होती, तरी आज तो वेळ पुढे सरकेना.

"आधी मी विचारतो. नळी घातल्यावर डोळे राहतील?"

"बऱ्याच लोकांचे खूप काळ राहतात. काहींचे जातात. तुमचं काय होईल ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

"गेले तर मी आत. बाहेर काही नाही. श्वास चालू."

"हो. तसं होऊ शकतं."

आईने तोंडावर पदर धरला. चिमटीने डोळे मिटले. आता ते वाक्य येणार, तिला वाटलं. अक्षरं उजळल्याचा बारीक टक-टक आवाज येत होता. मग यंत्र म्हणालं:

"होईल दुरुस्त. करा. पण एका अटीवर."

चिमटीने डोळे उघडले.

"मी बोलू शकतो तोवर ठेवा. बोलणं गेलं की बंद करा. दोघींनी हो-नाही ठरवत बसायचं नाही. ही माझी अट."

हो आणि नाही यांच्या पलीकडचं काही त्याच्या मनात असेल, हे सकाळपासून दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. पापणीला हे सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी मान हलवली. "असं लिहून ठेवता येईल. मी उद्या आमच्या एका सहकाऱ्याला घेऊन येतो, त्यांच्यासमोर पुन्हा सांगा. पण एक गोष्ट स्पष्ट करू या. डोळे जाणं वेगळं आणि हे यंत्र बिघडणं वेगळं."

"मला आतून दोन्ही सारखंच," यंत्र म्हणालं.

"अरे, पण बिघडलं तर?" आई पुढे झाली. "आजच्यासारखं झालं तर?"

नजर स्क्रीनवरून उठली, चिमटीपाशी गेली, परत आली.

"ते चिमटी बघेल."

* * *

डॉक्टर गेले. बोका दादाला लाँड्रीतली हकिगत रंगवून सांगत होता आणि यंत्र मधूनमधून "थापा मारू नकोस" म्हणत होतं. चिमटी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर लॅपटॉप होता आणि दुकानात होते नव्हते ते सगळे पेनड्राइव्ह मांडलेले होते.

तिला वाटलं होतं, आजचा दिवस निभावला की झालं. तो आता कधीच संपणार नव्हता. कॅमेरा जुना होता, दुसरा मिळणार नव्हता. ती सिस्टिम जुनी होती, ती पेलणारी मशीनं दरसाल कमी होत होती. दुकानात असं मशीन आलं असतं तर तिने झाकण लावून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असतं. आणि दादाने आपला श्वास नेऊन त्याच मशीनला बांधला होता. गाठ तिच्या हातात दिली होती. तिच्या, जिने दिवा विझायच्या आत ड्राइव्ह उपटला होता.

पहिल्या ड्राइव्हवर प्रत पूर्ण झाली. ती दिवा विझायची वाट पाहत बसली.

आई आत आली. चहाचं भांडं चढवायला गेली, आणि न चढवताच वळली. "आता हे काय करतेस?"

"प्रती. आणि ताळा."

"तो म्हणजे काय?"

"या दोन ओळी आहेत ना, त्या अक्षर न् अक्षर जुळायला हव्यात. एक जरी चुकलं तरी प्रत फुकट. कॉम्प्युटर सांगतो जुळल्या म्हणून. पण मला आता बघून घ्यायचंय."

आईने दुसरी खुर्ची ओढली. कपाटावरचा चष्मा घेतला, फुंकर मारून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

"वरची तू वाच," ती म्हणाली. "खालची मी वाचते. सावकाश."

"सात," चिमटी म्हणाली.

"सात."

"एफ."

"एफ," आई म्हणाली. "पुढे."